बेंगळुरूची स्पर्धा आणि मार्चपर्यंतची ठेव

बेळगावातील मजगावच्या एका वाचक भगिनींची मुलगी तेरा वर्षांची असून तिच्या शाळेचा बास्केटबॉल संघ डिसेंबरमध्ये राज्य पातळीवरील स्पर्धेसाठी बेंगळुरूला जाणार आहे. यजमानांना उद्यमबागेतील फाउंड्रीत ३२,००० रुपये पगार आहे आणि भगिनींना शिवणकामातून महिन्याला सरासरी ९,००० मिळतात. सासूबाई व सात वर्षांच्या मुलासह सर्वांनी गाडी ठरवून चार दिवस जावे, अशी यजमानांची इच्छा आहे. त्यासाठी सौहार्द संस्थेतील, म्हणजे सहकारी पतसंस्थेतील, दीड लाखाची मार्चपर्यंतची ठेव मोडावी का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, ठेव मोडू नये आणि सर्वांनी एकदम जाऊही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीच्या सामन्याला घरचे माणूस समोर बसलेले असावे, ही यजमानांची ओढ मात्र अगदी रास्त आहे आणि ती पुरी होईल अशाच बेताने मी हिशेब मांडतो आहे.

आपण दिलेल्या आकड्यांप्रमाणे गाडीभाडे २२,०००, दोन खोल्यांचे तीन रात्रींचे १२,००० आणि जेवणखाण ८,००० असे ४२,००० रुपये होतात, म्हणजे दोघांच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. आता या पैशांत पाहायला काय मिळणार, तेही पाहावे. सामना ४० मिनिटांचा, विश्रांती धरून साधारण दीड तासाचा. साखळी फेरीत संघाला तीन सामने मिळाले तर चार दिवसांत साडेचार-पाच तास खेळ, आणि उरलेला सारा वेळ लॉजच्या खोलीत किंवा हॉटेलच्या टेबलाशी. मुलगी संघाबरोबर राहणार असल्याने ती हाताशी लागणार नाही. शिवाय संघ साखळीतच बाहेर पडला, तर शेवटच्या दिवसाचे पैसे नाहक जातील.

म्हणून प्रवास दोन टप्प्यांत करावा. पहिल्या दिवसापासून आपण धाकट्याला घेऊन जावे. शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांना जून २०२३ पासून राज्यांतर्गत साध्या व एक्सप्रेस बसचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे आपले भाडे लागणार नाही. मुलाचे तेवढे अर्धे तिकीट काढावे लागेल. आपल्या भागात माहेरचा, महाराष्ट्रातला पत्ता आधार कार्डावर तसाच राहिलेल्या सुना पुष्कळ आहेत. आपला पत्ता मजगावचा आहे ना, हे आजच पाहून ठेवावे. राणी चन्नम्मा एक्सप्रेस या रेल्वेगाडीचे यजमानांचे आरक्षण आताच करून ठेवावे आणि संघ बाद फेरीत गेला तरच त्यांनी रात्रीच्या गाडीने निघावे. नाही गेला तर तिकीट रद्द करताना कापली जाणारी रक्कम सोसण्याजोगी असेल. पाचशे किलोमीटरचा प्रवास सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणारा नाही, हे आपणच लिहिले आहे. त्यांना शहापूरला नणंदेकडे ठेवावे आणि बेळगावात सामने असतील तेव्हा आवर्जून मैदानावर न्यावे. एक खोली, जेवण, शहरातील फिरणे आणि तिकिटे मिळून हा बेत १३,००० च्या आसपास बसतो.

तेवढीही रक्कम हाती नसेल, तर ठेवीवर कर्ज घ्यावे. आपल्या पावतीवर व्याज ९ टक्के आहे आणि मुदतीआधी मोडल्यास ७ टक्केच मिळेल. नऊ महिन्यांच्या हिशेबाने दीड लाखावर २,२५० रुपयांचे नुकसान होते. उलट १३,००० रुपये ११ टक्क्यांनी तीन महिन्यांसाठी उचलले, तर व्याज ३६० रुपयांच्या आत राहते आणि ठेव वाढतच राहते. याच ठेवीबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. बँकेतील ठेवींना, सहकारी बँका धरून, ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते; सौहार्द संस्थेतील ठेवीला ते नाही. मार्चमध्ये मुदत संपताच निदान एक लाख रुपये बँकेत हलवावेत, व्याज दीड-दोन टक्क्यांनी कमी मिळाले तरी.

पत्राच्या शेवटी आपण एका ओळीत लिहिले आहे की, मुलीच्या बुटांचे तळवे गुळगुळीत झाले आहेत, पण प्रवासाचा खर्च असल्याने नवे बूट उन्हाळ्यापर्यंत थांबवले आहेत. हे मला पटले नाही. गुळगुळीत तळव्याचा बूट लाकडी कोर्टवर वळताना सरकतो आणि घोटा मुरगळतो. मग ना स्पर्धा, ना प्रवास. चार हजारांपर्यंतचे चांगले बूट या महिन्यातच घ्यावेत, म्हणजे स्पर्धेपूर्वी ते पायाला बसतील.

शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट असतात, म्हणजे असे प्रवास पुढील पाच-सहा वर्षे येतच राहणार. शिवणाचे पैसे रोजचे रोज हाती येतात, तेव्हा त्यातून दिवसाला ४० रुपयांची पिग्मी, म्हणजे एजंटाकडे रोज थोडी थोडी भरायची बचत, सुरू करावी. वर्षाला १४,६०० जमतील आणि पुढच्या स्पर्धेला ठेवीकडे पाहावे लागणार नाही. पिग्मी वर्षाच्या आत बंद केल्यास बहुतेक ठिकाणी कपात होते, हे एजंटाला आधी विचारून घ्यावे. आणि लॉजला आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी प्रशिक्षकांकडून सामन्यांचे वेळापत्रक मागून घ्यावे.