हा काय संशोधनाचा विषय झाला?

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत नोकरीला आहे. मुलगी बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) करून सध्या इंटर्नशिप करते आहे. नीट परीक्षा तिने दोनदा दिली. दुसऱ्या वेळी वर्षभर लातूरला ठेवलं होतं, तरी एमबीबीएस थोडक्यात हुकलं. अजून वय गेलेलं नाही, शेवटचा एक प्रयत्न कर, नाहीतर क्लिनिक टाक, गाळा मी बघतो, असं आम्ही सांगतो. ती म्हणते, क्लिनिकल रिसर्चमध्ये जायचंय. विषय काय, तर माझ्यासारखे लोक व्यायाम का सोडतात! (गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. दोन महिने नियमाने चाललो. मग जरा धडधडलं की भीती वाटायची, म्हणून सोडून दिलं.) हा काय संशोधनाचा विषय झाला? संशोधन डॉक्टर लोक करतात, तेही औषधांवर. आता स्थळं यायला लागली आहेत. मुलगी काय करते असं विचारलं तर काय सांगायचं? तिला कसं समजवावं, याचं मार्गदर्शन करावं.
ता. क. अगदीच ऐकत नसेल तर पुण्यात क्लिनिकल रिसर्चचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, फी दीड लाख, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. तो चालेल का?

उत्तर : तिला कसं समजवावं ते मी सांगणार नाही. पत्र तुमचं आहे आणि करिअर तिचं. अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत आलंय आणि त्या ओळीपुढे तुम्ही उद्गारचिन्ह ठोकलंय. मला काळजी वाटली ती त्या उद्गारचिन्हाची. मुलीचे गुण किती, पर्सेंटाइल किती, हे नंतर बघू.

आधी नीटबद्दल. या परीक्षेला प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अटही सध्या नाही, हे खरं. पण तुमची मुलगी काही महिन्यांत फिजिओथेरपिस्ट होईल. म्हणजे पेशंट तपासून स्वतःच्या सहीने उपचार ठरवणारी व्यक्ती. तिला पुन्हा बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकासमोर बसवायचं, ते कशासाठी? तिने मागितलंय म्हणून नव्हे. ‘थोडक्यात हुकलं’ हे वाक्य तुम्ही गेली चार-पाच वर्षं प्रत्येक लग्नकार्यात म्हणत असणार, आणि शेजारी उभी राहून ती ते ऐकत असणार. फिजिओथेरपी हा तुमच्या घरात अजून हुकलेल्या एमबीबीएसचा शिल्लक भाग आहे. तिने तो मन लावून पुरा केला, त्यातून स्वतःचा प्रश्न शोधला, आणि तुम्ही विचारताय की स्थळाला काय सांगायचं. सांगा ना, फिजिओथेरपिस्ट आहे आणि हृदयविकाराच्या पेशंटवर संशोधन करायचं म्हणते. एवढ्यावर मागे फिरणारं स्थळ मागे फिरलेलंच बरं. क्लिनिकचा गाळा बघायची घाईसुद्धा मला तिच्यापेक्षा तुमच्या सोयीची वाटते. मुलगी गावात राहील, पाटी दिसेल, प्रश्न मिटला.

आता कंसाबद्दल. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तुम्ही कंसात घातली आहे. अँजिओप्लास्टी झाली, चालायला लागलात, धडधडीची भीती वाटली, सोडलंत. घरात अर्धीअधिक फिजिओथेरपिस्ट असलेली मुलगी असताना सोडलंत. तिने हे रोज डोळ्यांनी पाहिलं. तिने शिकलेलं सगळं शास्त्र तिच्या स्वतःच्या वडिलांच्या चपलेपर्यंत पोहोचत नव्हतं. एखादीने चिडचिड केली असती. हिला त्यात प्रश्न दिसला. तुम्हाला तो टोमणा वाटला असेल, तर तो नाही. (आणि धडधडीचं तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना सांगितलंत का? नसेल तर या आठवड्यात सांगा. किती चालायचं, नाडी कितीवर गेली की थांबायचं, हे तपासून ठरवता येतं. त्यालाच कार्डियाक रिहॅब म्हणतात, आणि तुमची मुलगी ते शिकली आहे.)

‘संशोधन डॉक्टर करतात, तेही औषधांवर’ हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. व्यायाम, आहार, झोप, तंबाखू सोडणं, गोळ्या वेळेवर घेणं, यांची चाचणी औषधासारखीच काटेकोर करता येते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे लोकांचे दोन गट करायचे, एकाला नेहमीचा उपचार, दुसऱ्याला त्याशिवाय व्यायामाचा कार्यक्रम, आणि मग वर्षानुवर्षं बघत राहायचं. चेन्नईतल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ लोक होते. आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र देऊन जास्तीचा फायदा झाला नाही. म्हणजे आहार-व्यायाम गोळीच्या तोडीस तोड ठरला, तेही आपल्याच लोकांमध्ये. अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, चॅलेंज नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ पेशंट, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेले. एका गटाला निरोगी राहण्याची पुस्तिका दिली. दुसऱ्या गटाला पुस्तिकेबरोबर तीन वर्षं मार्गदर्शक देऊन व्यायाम करवला. पाच वर्षांनी व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के लोक आजार न उलटता जगत होते, पुस्तिकेच्या गटात ७३.९ टक्के. कर्करोगाच्या एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक दाखवला असता तर पहिल्या पानावर बातमी आली असती. आणि त्या पेशंटना तीन वर्षं व्यायामाला धरून ठेवण्याचं काम केलं कोणी? व्यायामाचं शास्त्र आणि माणसाचं मन दोन्ही कळणाऱ्या लोकांनी. त्यातलं पहिलं तुमच्या मुलीला येतं. दुसऱ्याबद्दल तिला कुतूहल आहे.

तुम्ही विचाराल, व्यायाम चांगला हे ठरलंच आहे तर आता शोधायचं काय उरलं? तिने जे विचारलं तेच उरलंय. भारतात हृदयविकाराच्या झटक्यानंतर योगावर आधारित पुनर्वसनाची मोठी चाचणी झाली, योगा-केअर नावाची. २४ रुग्णालयं, ३,९५९ पेशंट, २०२० मध्ये प्रसिद्ध. तीन महिन्यांत १३ सत्रं द्यायची होती. निकाल आला तेव्हा योगाच्या गटातल्या पेशंटना स्वतःच्या तब्येतीबद्दल बरं वाटत होतं, झटक्याआधीच्या कामांकडे ते जास्त चांगले परतले होते. पण पुढचे झटके, मृत्यू वगैरे एकत्र मोजल्यावर दोन गटांत खात्रीलायक फरक निघाला नाही. मग कोणीतरी बघितलं की १३ पैकी किमान १० सत्रांना आलेल्यांचं काय? त्यांच्यात त्रास कमी दिसला.

इथे बहुतेक वाचक म्हणतील, बघा, नियमाने केलं की गुण येतो. तुमच्या मुलीने इथेच थांबून शंका घेतली पाहिजे. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाची चाचणी झाली होती. त्यात एका गटाला नुसत्या बिनऔषधी गोळ्या दिल्या होत्या. १९८० मध्ये त्याचं एक विश्लेषण छापून आलं. त्या खोट्या गोळ्या ज्यांनी नियमाने, म्हणजे ८० टक्के किंवा जास्त घेतल्या, त्यांच्यात पाच वर्षांतले मृत्यू १५.१ टक्के. ज्यांनी टाळाटाळ केली त्यांच्यात २८.३ टक्के. गोळीत काहीच नव्हतं! मग वाचवलं कशाने? नियमाने गोळी घेणारा माणूस आणखीही बऱ्याच गोष्टी नियमाने करत असतो, कदाचित मुळातच कमी आजारी असतो, कदाचित घरात आठवण करणारं कोणी असतं. म्हणून दहा सत्रांना आलेल्यांना योगाने वाचवलं की जे दहा सत्रांना येऊ शकत होते तेच मुळात बऱ्या अवस्थेत होते, हे नुसत्या त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. हा गुंता सोडवण्यात लोक आयुष्यं घालवतात. ‘माझ्यासारखे लोक व्यायाम का सोडतात’ हा प्रश्न ह्या गुंत्याच्या बरोबर मध्यावर बसलेला आहे. तुमच्या मुलीला तो कोणी शिकवलेला नाही, म्हणून मला तिचं जास्त कौतुक वाटतं.

अर्थात हे क्षेत्र गुळगुळीत नाही, हे तिनेही ऐकावं. आपल्याकडे संशोधनातल्या सुरुवातीच्या नोकऱ्या प्रकल्पावरच्या असतात. अनुदान संपलं की नोकरी संपते. पगार क्लिनिक चालवणाऱ्या मैत्रिणीपेक्षा कमी असेल आणि दिवाळीत ती मैत्रीण स्कूटर बदलेल. रुग्णालयांत डॉक्टरांची उतरंड पक्की आहे. व्यायामाच्या अभ्यासाची प्रमुख संशोधक फिजिओथेरपिस्ट असू शकते, पण तिचं नाव वर यायला वेळ लागतो. आणि कामाचा मोठा भाग कंटाळवाणा असतो : नैतिकता समितीचे अर्ज, संमतीपत्रं, पेशंटना फोन, पुन्हा फोन, आणि गाळलेल्या रकान्यांचा शोध. हे सगळं कळून तिला हवंसं वाटत असेल तर पुढे जावं. सहा महिन्यांत ‘मला फक्त पेशंट बघायचेत’ असं वाटलं तर तेही चांगलंच. पदवी कुठे जात नाही.

रस्ता थोडक्यात. नेहमीच्या वाटा, म्हणजे एमपीटीएचची (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीची) प्रवेश प्रक्रिया वगैरे, तिला तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. माझं मत असं : इंटर्नशिप संपली की थेट पदव्युत्तरला न जाता एखादं वर्ष कार्डियाक रिहॅब असलेल्या रुग्णालयात किंवा चालू संशोधन प्रकल्पात काम करावं. मग हृदय-श्वसन शाखेत एमपीटीएच, कारण तिथे प्रबंध म्हणून स्वतःचा छोटा अभ्यास उभा करावा लागतो आणि चूक करायला मार्गदर्शक सोबत असतो. वागणुकीच्या बाजूला जास्त ओढ वाटली तर सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी : मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, पुण्यात विद्यापीठाचा आरोग्यविज्ञान विभाग, तिरुअनंतपुरमला श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र. एक गोष्ट मात्र आजच सुरू करता येईल. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोग संस्थेने आरोग्य संशोधनाच्या मूलभूत गोष्टींचा ऑनलाइन अभ्यासक्रम एनपीटीईएल या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर केलेला आहे. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेची तेवढी फी असते. तो करावा. आणि सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांची सरकारी नोंदवही, ऑनलाइन सर्वांना खुली आहे. २००७ पासूनच्या नोंदी आहेत. त्यात व्यायाम, फिजिओथेरपी, हृदयविकार असं शोधावं. महाराष्ट्रात कोण, कुठे, काय करतंय ते नाव-पत्त्यासह दिसेल. त्यातल्या पाचसहा जणांचं काम नीट वाचून, त्यांना त्यांच्याच अभ्यासाबद्दल एक प्रश्न विचारणारा ईमेल लिहावा. बायोडेटा जोडून ‘काही संधी असल्यास कळवावे’ असा ईमेल लिहू नये, त्याला उत्तर येत नाही.

संख्याशास्त्राची तिला भीती असेल, बहुतेक फिजिओथेरपिस्टना असते. ती घालवल्याशिवाय या क्षेत्रात उभं राहता येणार नाही. क्लाससाठी पैसे खर्च करायची हौस असेलच तर तिथे करा.

एक जमेची बाजू तिच्या लक्षात आली नसेल. अशा अभ्यासांत लोक खरं बोलले तर उपयोग. बार्शी-करमाळ्याकडच्या पेशंटला ‘चालणं का सोडलंत?’ असं इंग्रजी प्रश्नावलीवरून विचारलं तर तो ‘वेळ मिळत नाही’ म्हणतो. त्याच्याच बोलीत, शेजारी बसून विचारलं तर भीती वाटते म्हणतो, पहाटे कुत्री मागे लागतात म्हणतो, लोक अटॅकचं विचारतात त्याची लाज वाटते म्हणतो. हे काढून घ्यायचं कसब महानगरातल्या संशोधकाला सहज येत नाही.

आता ता. क. तो डिप्लोमा घेऊ नका. अशा अभ्यासक्रमांत मुख्यतः औषध कंपन्यांच्या चाचण्यांची कागदपत्रं सांभाळणं, नियम पाळले जातात की नाही ते तपासणं, हे शिकवतात. ते काम प्रामाणिक आहे, त्यात नोकऱ्याही आहेत, पण तुमच्या मुलीला जे करायचंय ते हे नाही. त्या कामासाठीसुद्धा तिची पदवी आणि एखाद्या प्रकल्पावरचा अनुभव पुरेसा ठरू शकतो. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणणाऱ्यांकडे मागच्या तुकडीतल्या दहा जणांचे फोन नंबर मागा आणि सध्या कुठे, किती पगारावर आहेत ते त्यांनाच विचारा. नंबर दिले नाहीत तर उत्तर मिळालं असं समजा. टोकन रक्कम भरून ठेवली असेल तर परताव्याची अट लेखी आहे का ते आजच बघा, आणि लेखी अर्ज करून पोच घ्या.