जानेवारीत लेहला जायचंय, सहा दिवस पुरतील का?

पुरतील, पण पहिले दोन दिवस फिरण्यात धरू नका. लेह साधारण 3500 मीटरवर आहे. विमानाने थेट उतरलात की विरळ हवेची सवय व्हायला निदान 48 तास द्यावेच लागतात. डोकं दुखत असताना, मळमळत असताना पँगाँग तलावाला निघालात तर वाटेतली चांग ला ही खिंड 5300 मीटरच्या वर आहे, त्रास वाढणारच. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची तर डॉक्टरांना विचारून.

हॉटेलवाल्याला आधी विचारा: सेंट्रल हीटिंग आहे का? रात्री पारा उणे 15 च्याही खाली जातो, पाइप गोठतात, बऱ्याच ठिकाणी पाणी बादलीतूनच मिळतं. खोलीत बुखारी (खोली गरम करणारी शेगडी) असेल तर झोपण्यापूर्वी विझवा. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो आणि त्याला वासही नसतो.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. थंडीत बॅटरी अर्धी असतानाही बंद पडतो. जीन्सने ही थंडी भागत नाही, ती घरीच राहू दे.

हवा बिघडली की लेहहून दिल्लीला येणारं विमान रद्द होतं. म्हणून दिल्लीहून मुंबई-पुण्याचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.