वैद्यकीय प्रवेश-अर्जात छंद लिहावेत का?

प्रश्न : अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांसाठी मी अर्ज भरते आहे. सतारवादनाचा छंद त्यात लिहावा, की ते पोरकट वाटेल?

उत्तर : अवश्य लिहावा. एएमसीएएस या सामायिक अर्जात कामे व उपक्रमांच्या जास्तीत जास्त 15 नोंदी करता येतात आणि त्यांच्या प्रकारांत छंदांनाही स्थान आहे. मात्र ‘संगीताची आवड’ एवढ्याने वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. नोंदीसाठी 700 अक्षरे मिळतात, त्यांत एखादी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे) सुरात येईना तेव्हा आपण रियाज कसा बदललात, हे सांगावे. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येऊ शकतो, म्हणून कधीच सुटलेला छंद केवळ जागा भरण्यासाठी लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णसेवेच्या अनुभवाची उणीव मात्र छंदाने भरून निघत नाही.