आईच्या डब्यातली मिश्री

*ताई, मला सातवा महिना चालू आहे, पहिलंच बाळंतपण. परवाच्या सोनोग्राफीत बाळ वाढीला दोन आठवडे मागं दिसलं. वारेकडून, म्हणजे प्लॅसेंटाकडून, बाळाला रक्त नीट पोचत नसावं असं डॉक्टरबाई म्हणाल्या, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. सासूबाई म्हणतात, ग्रहणात विळीवर बसलीस म्हणून हे झालं. पपई खाऊ नको, तिन्हीसांजेला बाहेर जाऊ नको, हे त्यांचं रोजचंच. आमचे हेही त्यांचीच री ओढतात. मला कसलंही व्यसन नाही, खाण्यापिण्याची आबाळ नाही. एक आईच काय ती मला समजून घेते. दर पंधरा दिवसांनी एसटीतून डबा धाडते. नाचणीचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, घरी भाजलेली मिश्री. सकाळी मिश्री लावत परसात बसलं की तेवढाच वेळ आईजवळ असल्यासारखं वाटतं. पुढच्या महिन्यात बाळंतपणाला तिच्याकडेच जाणार आहे. तोवर सासूबाईंचं तोंड कसं बंद करू?*
*– एक वाचक, सातारा जिल्हा*

अगं पोरी,

सासूबाईंना बोलू दे. ग्रहणाचा आणि विळीचा बाळाच्या वाढीशी काही संबंध नाही, तो विषय इथंच सोड. मी अडकलेय ती दुसरीकडे. ‘मला कसलंही व्यसन नाही’ असं तू लिहिलंस, आणि दोनच ओळींनंतर मिश्री. मला पत्र खाली ठेवावं लागलं.

मिश्री म्हणजे तंबाखू. तू खोटं लिहिलंस असं मी म्हणत नाही. आपल्याकडे तंबाखू पुरुष खातात आणि बाया मिश्री लावतात, जणू दोन निराळ्या वस्तू. दवाखान्यात केसपेपर काढताना तुला ‘तंबाखू?’ असं विचारलं असेल, तर तू सरळ मनानं ‘नाही’ म्हणाली असशील. पण तव्यावर काळी होईस्तोवर भाजली म्हणून तंबाखूतलं निकोटिन जात नाही. उलट त्या भाजण्यानं कर्करोग करणारी आणखी द्रव्यं तिच्यात तयार होतात. बोटानं ती हिरड्यांवर चोळलीस की आतल्या नाजूक त्वचेतून निकोटिन रक्तात उतरतं. गिळावं लागत नाही, थुंकून टाकलं तरी सुटका नाही.

आता वारेचं ऐक. बाळ पूर्ण वाढेपर्यंत ही वार साधारण अर्धा किलोची, ताटलीएवढी होते. शेवटच्या दिवसांत गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त लागतं, आणि त्यातलं बहुतेक वारेसाठीच. तुझं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मध्ये एक पातळ पडदा असतो. त्या पडद्यातून प्राणवायू जातो, साखर जाते, आणि निकोटिनही जातं. आईच्या रक्तात असतं तेवढंच, कधी त्याहून जास्त निकोटिन बाळाच्या रक्तात सापडतं. शिवाय निकोटिननं गर्भाशयाकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. तंबाखूतला कॅडमियम नावाचा धातू वार बराचसा अडवते, पण तो तिच्यातच साठत जातो आणि बाळाकडे जस्त पोचवायचं तिचं काम बिघडवतो. तुला सकाळी बरं वाटतं त्या वेळात आत हे चाललेलं असतं.

पोटातलं बाळ वारेच्या आड सुरक्षित असतं, असा समज पूर्वी डॉक्टरांचाही होता. १९४१ साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांच्या ध्यानात आलं की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता. पुढं जपानात मिनामाता गावी कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांत उतरला आणि माशांतून बायांच्या पोटात गेला. तिथं काही आया वरवर धडधाकट होत्या आणि त्यांची मुलं मेंदूला इजा होऊन जन्मली. जपानात बाळाची वाळलेली नाळ डबीत जपून ठेवायची रीत आहे. मासाझुमी हारादा या डॉक्टरांनी घरोघरच्या त्या नाळा मिळवून तपासल्या, तर त्यांत पारा निघाला. आपण नाळ पुरतो म्हणून आपल्याकडे पुरावा उरत नाही, एवढाच फरक. आईला काही होत नाही म्हणून बाळालाही होत नसेल, हा हिशेब खरा नाही.

आणि हे दूर परदेशातलंच आहे असं समजू नकोस. मुंबईत १२१७ गरोदर बायांची पाहणी झाली होती, ती २००४ साली छापून आली. मिश्री आणि तसलीच बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाणही त्यांच्यात कितीतरी जास्त निघालं. तुला भेदरवायला मी हे लिहीत नाही. बाळ बारीक असण्याला रक्तदाब, अंगात रक्त कमी असणं, एखादा संसर्ग अशी पुष्कळ कारणं असतात. तुझ्या बाबतीत नेमकं काय, ते डॉक्टरबाईच सांगतील. पण त्यांना मिश्रीचं ठाऊकच नसेल तर त्या अंधारात चाचपडणार.

आता तुझ्या आईबद्दल. सगळ्या पत्रात तीच एक निर्दोष आहे आणि मला सगळ्यात जास्त राग तिचाच आलाय. सासूबाईंचं बोलणं तुला टोचतं, पण त्यानं बाळाचं वजन घटत नाही. आईचा डबा तुला गोड लागतो, आणि त्यात बाळाला नडणारी वस्तू आहे. तिला माहीत नव्हतं, हे मला मान्य आहे. आता मात्र माहीत व्हायला हवं, आणि ते तुझ्याच तोंडून. ती म्हणेल, ‘मी सगळी पोरं मिश्री लावूनच काढली.’ तेव्हा तिला विचार, जन्मताना आम्हाला वजनकाट्यावर कुणी ठेवलं होतं का? एखादं पोर अपुऱ्या दिवसांचं झालं होतं का, एखादं गेलं होतं का? आपल्या आया असली दुःखं सहसा बोलून दाखवत नाहीत.

माझ्या आजीची मिश्रीची पितळी डबी अजून माझ्या कपाटात आहे. रिकामी आहे, तरी उघडली की तो वास येतो आणि आजी आठवते. त्यामुळे परसातलं ते बसणं तुझ्यासाठी काय आहे ते मला कळतं. तुला हवी आहे ती आई. मिश्री हे तिला जवळ आणायचं निमित्त झालंय. सकाळी त्याच वेळेला, त्याच जागी बसून तिला फोन लाव.

पहिला फोन आजच कर. पुढच्या डब्यात मिश्री नको, आणि मी तिथं येईन तेव्हा घरात तवाभर तंबाखू भाजली जायला नको, कारण तो धूरही मला आणि बाळाला चालणार नाही, असं स्पष्ट सांग. तिनं शब्द दिला तरच माहेरी जा. ती कां कूं करायला लागली तर बाळंतपण सासरी कर. होय, त्याच सासूबाईंच्या हाताखाली.

घरातली डबी आजच उकिरड्यावर रिकामी कर, ‘थोडी थोडी कमी करते’ असं नको. चारपाच दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. मिश्रीशिवाय सकाळी कळच येत नाही, हे बहुतेक जणी सांगतात. कोमट पाणी घे, पिकलेली पपई खुशाल खा, कच्ची तेवढी नको. तरी अडलं तर डॉक्टरबाईंकडून औषध घे, मनानं काही घेऊ नकोस. सोडणं जड गेलं तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन कर, तो फुकट आहे.

आणि पंधरा दिवस थांबू नकोस. उद्याच दवाखान्यात जाऊन सांग की मी मिश्री लावत होते, दिवसातून इतक्या वेळा, कालपासून बंद केलीय. बाळाची हालचाल कमी वाटली तर मध्यरात्रीसुद्धा जा. बाळाचं वजन जास्त करून या शेवटच्या तीन महिन्यांतच वाढतं, तुझ्या हातात अजून बरेच दिवस आहेत.

पुढच्या सोनोग्राफीत किती ग्रॅम भरलं, ते मला कळव. मी वाट बघतेय.