किराणा घराण्याच्या कानाला जॅझ: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत राहता, कान किराणा घराण्याच्या गायकीवर बसलेला, मिरजेच्या दर्ग्यातलं उरुसाचं गाणं चुकवत नाही. सगळे सांगतात म्हणून ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (1959) हा जॅझ अल्बम मोबाइलवर लावलात आणि ते पोकळ वाटलं. आता रात्री निवांत ऐकायला दुसरं काय?

दुसरं नंतर. आधी तेच पुन्हा लावा, पण हेडफोनवर. त्यातल्या पहिल्या तुकड्याचा, 'सो व्हॉट'चा, मुखडाच मुळात डबल बेसवर (व्हायोलिनच्या घराण्यातलं, माणसाएवढं उंच, खर्जाचं तंतुवाद्य) आहे. पॉल चेंबर्स बेसवर विचारतो, बिल एव्हन्स पियानोच्या दोन ठोक्यांत उत्तर देतो. डबल बेसची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झची. इतक्या खाली मोबाइलचा स्पीकर जवळजवळ मुकाच असतो. म्हणजे तुम्ही सवालाविना नुसते जवाब ऐकलेत, पोकळ वाटणारच.

आता त्यातले सूर बघा: कोमल गंधार, कोमल निषाद, सरळ काफी थाट. चार मात्रांचा एक बार धरा. 16 बार एका षड्जावर, मग तंबोराच अर्ध्या सुराने चढवावा तसं सगळं वर सरकतं, 8 बारांनी परत खाली. पुढचे 8 बार मूळ जागी आणि आवर्तन पुरं. हे बोटांवर मोजा, दोन-तीन आवर्तनांत सम सापडते. एलपी (जुनी तबकडी) घेणार असाल तर एक सांभाळा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्र किंचित हळू चाललं, म्हणून जुन्या आवृत्त्यांत पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे थोडे चढे वाजतात. 1990च्या दशकात ते दुरुस्त झालं. तंबोरा लावून सोबत बसणाऱ्याला हा फरक खटकतो.

मग अ‍ॅलिस कोल्ट्रेनचं 'जर्नी इन सच्चिदानंद' (1971). यात चक्क तंबोरा आहे, पण मिरजेच्या तंबोऱ्याच्या जवारीची (तारेच्या घुमत्या झणकाराची) अपेक्षा ठेवू नका. खरा आधार सेसिल मॅकबीच्या बेसवरच्या त्याच त्या आवर्तनाचा, वर हार्प. पियानोवादक कीथ जॅरेटच्या 'कोल्न कॉन्सर्ट' या एकट्याच्या मैफलीचा (24 जानेवारी 1975) पहिला भाग सुमारे 26 मिनिटांचा आहे, तो एका बैठकीत ऐका. पियानो खराब होता, वरचे सूर पातळ. म्हणून तो मधल्या सप्तकात रमतो आणि डावा हात एकच ठेका घोळवत राहतो.

जॅझबाहेरचं हवं असेल तर विश्वमोहन भट्ट आणि राय कूडरचं 'अ मीटिंग बाय द रिव्हर' (1993) सर्वांत सोपं, कारण भट्टांच्या मोहनवीणेची (गिटारचंच बदललेलं रूप) मींड ओळखीचीच. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या कोरा या तंतुवाद्यासाठी तूमानी दियाबाते आणि बालाके सिसोको यांचं 'न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज' घ्या. 21 तारांचे दोन कोरे, तालवाद्य नाही. तंबोऱ्यासारखा कोऱ्यालाही भोपळाच असतो बरं का.

अ‍ॅपमधलं शफल आणि क्रॉसफेड मात्र बंद करा. क्रॉसफेडमुळे एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या आलापीवर चढतो.

जॉन कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' सगळे सुचवतील. थोर आहेच, पण तिसऱ्या भागात ड्रम्सचा असा धडाका आहे की रात्री अकराला घरचे उठतील. ते रविवारी सकाळी लावा.