१६ ऑगस्ट या एकाच तारखेला इतिहासात कोणत्या मोठ्या घटना घडल्या? त्यांच्यात काही संबंध असतो की नुसता योगायोग?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त आवडला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी चिमूर तालुक्यातला, जिल्हा चंद्रपूर. त्यामुळे १६ ऑगस्ट म्हटलं की माझं डोकं थेट १९४२ मध्ये जातं.

आमच्या आजीला विचारलं तर ती तारीख कधीच सांगायची नाही. "तारीख-गिरीख मले नाई मालूम, नागपंचमी होती," एवढंच. आणि खरी गोम इथेच आहे. ऑगस्टच्या मध्यात आमच्याकडे धानाची रोवणी सुरू असते. एरवी त्या दिवसांत गावात माणूस सापडत नाही, सगळे बांधीतल्या चिखलात वाकलेले. पण नागपंचमीला नांगर धरायचा नाही, माती उकरायची नाही, विळीवर काही चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणजे गडी मोकळे आणि बायाही मोकळ्या.

८ ऑगस्टला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला, ९ तारखेला पहाटे गांधीजींना धरलं. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी आमचा भाग आधीच तापलेला. १६ ला सकाळी चिमुरात प्रभातफेरी निघाली, पोलिसांनी गोळ्या घातल्या, बालाजी रायपूरकर हा १६ वर्षांचा पोरगा गेला. मग जमाव बिथरला, सरकारी अधिकारी मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेले, तिथेही गोळीबार झाला. चिमूर आणि आष्टी काही शेजारी नाहीत, मध्ये अख्खा वर्धा जिल्हा आडवा येतो. पण पंचमी दोन्हीकडे होती.

तिसऱ्या दिवशी चिमुरात फौज आली आणि पुरुषांची धरपकड झाली. बायांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं. आजी या भागाबद्दल काहीच बोलायची नाही, विषय बदलायची.

आता बाकीच्या १६ ऑगस्टकडे या. १९४६ मध्ये मुस्लीम लीगने हाच दिवस 'प्रत्यक्ष कृती दिन' म्हणून ठरवला, बंगालच्या लीग सरकारने त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी जाहीर केली आणि कलकत्त्यात पुढचे काही दिवस हजारो माणसं मेली. १८१९ मध्ये इंग्लंडातल्या मँचेस्टरला मतदानाचा हक्क मागायला साठेक हजार लोक सेंट पीटर्स फील्ड नावाच्या मैदानात जमले, त्यांच्यावर घोडेस्वार घातले गेले. तो सोमवार होता, आणि हातमागाच्या विणकरांची सोमवारी काम न करण्याची जुनी रीत. वॉटर्लूची लढाई होऊन चारच वर्षं झाली होती, म्हणून लोकांनी टोमणा मारत या प्रकाराला 'पीटर्लू' नाव दिलं.

चिमूर, कलकत्ता, मँचेस्टर यांची तारीख जुळली हा निव्वळ योगायोग. पण तिन्हीकडे गर्दी जमली ती हात रिकामे असलेल्या दिवशी, हा मात्र योगायोग वाटत नाही मला.

स्पर्धा परीक्षेसाठी यादी हवी असेल तर हेही घ्या: १८८६ ला रामकृष्ण परमहंस गेले, १९६० ला सायप्रस स्वतंत्र झाला, १९७७ ला एल्व्हिस प्रेस्ली गेला, २०१८ ला अटलबिहारी वाजपेयी. आणखी एक नाव आमच्या जवळचं. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांचा जन्म १६ ऑगस्ट १९०४ चा, अलाहाबादकडचा. पण १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात त्यांना अटक झाली ती नागपुरात.

एक सांगायचं राहिलं. तिथी आणि तारीख दरवर्षी जुळत नाहीत, साधारण १९ वर्षांनी पुन्हा जवळपास येतात. वाजपेयी गेले त्या वर्षी पंचमी १५ ऑगस्टला होती. चिमुरात हुतात्म्यांचा कार्यक्रम १६ तारखेला असतो, पुढारी येतात, मोठा मांडव पडतो. आजी मात्र पंचमीलाच वारुळाला लाह्या वाहून झाल्या की बालाजीचं नाव घ्यायची. १६ तारखेला ती रोवणीला गेलेली असायची.