ला व्ही क्लेर: एका टीममध्ये दोन कर्णधार

लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांच्या जर्सीवाली टीम कोणाची होती आणि १९८६च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत इनोने आपल्याच टीममधल्या लेमाँडवर अटॅक का केला, म्हणजे अचानक वेग वाढवून त्याला मागे का टाकलं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दोन्हींचं उत्तर एकाच भांडणात आहे.

टीमचं नाव ला व्ही क्लेर, पण ही सायकल कंपनी नव्हे. ती फ्रान्समधली हेल्थ फूडच्या दुकानांची साखळी. तेव्हाचा मालक बेर्नार तापी. बुडीत कंपन्या कवडीमोलाने घेऊन चालवायचा त्याचा धंदा. बेर्नार इनो तेव्हा रेनोच्या टीममध्ये होता, ४ टूर जिंकलेला. १९८३ला गुडघ्याने दगा दिला, टूर हुकली आणि त्याच टीमच्या २२ वर्षांच्या लोराँ फिन्योंने ती मारून नेली. मॅनेजर सिरिल गिमारशी इनोचं आधीच वाजलेलं होतं. तापीने पैसे टाकले आणि १९८४ला इनोभोवती नवी टीम उभी राहिली. डायरेक्टर स्विस, पॉल केश्ली. जर्सीची कल्पना डच चित्रकार मोंद्रियानच्या चित्रांवरून घेतली. पहिल्याच टूरमध्ये फिन्योंने इनोला १० मिनिटं ३२ सेकंदांनी धुतलं.

तापीकडे लूक नावाची कंपनीही होती, नव्हेरला स्कीची बाइंडिंग बनवणारी. स्कीचा बूट जसा खटक्यात बसतो आणि पडल्यावर सुटतो, तोच खटका त्यांनी पेडलवर आणला. तोवर पाय टो-क्लिपच्या पिंजऱ्यात घालून चामडी पट्टा हाताने आवळायचे, आणि सोडवायला खाली वाकून तो ढिला करायचे. लूकमध्ये टाच बाहेर वळवली की पाय मोकळा. (पहिल्या आठवड्यात सिग्नलला टाच वळवायची विसरून मी उभ्याचा आडवा झालो होतो, ते सोडा.) १९८५ची टूर इनोने याच पेडलवर जिंकली. आज शर्यतीच्या सायकलला जे क्लिपलेस (पिंजरा-पट्टा नसलेलं) पेडल असतं, ते याच घराण्यातलं.

त्याच १९८५मध्ये गोची झाली. तापीने रेनोकडून ग्रेग लेमाँडला भरपूर पैसे देऊन आणलं होतं. सँत-एतियेनला इनो पडला, नाक मोडलं. पुढे ल्युझ आर्दिदाँच्या घाटात तो मागे पडला, आणि लेमाँड दुसऱ्या टीमच्या स्टीफन रोशबरोबर पुढे होता. टीमच्या गाडीतून निरोप आला: ओढू नकोस, म्हणजे पुढे राहून वेग वाढवू नकोस. इनो अगदी जवळ आहे असं आपल्याला सांगितलं, प्रत्यक्षात तो बराच मागे होता, हे लेमाँडचं म्हणणं. शेवटी इनो १ मिनिट ४२ सेकंदांनी जिंकला आणि पुढच्या वर्षी तुला मदत करीन असा शब्द लेमाँडला दिला.

१९८६ला पो गावाकडे जाताना त्याच इनोने अटॅक मारला आणि लेमाँडवर एकूण वेळेत ५ मिनिटांहून जास्त आघाडी घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकटा निघाला! पण सुपरबान्येरच्या चढावर पाय संपले आणि आघाडी उरली ४० सेकंद. ग्रानोंच्या घाटावर पिवळी जर्सी, म्हणजे एकूण आघाडीवाल्याची जर्सी, लेमाँडकडे गेली. मग आल्प द्युएझचा घाट: दोघं बाकी सगळ्यांना मागे टाकून वर आले, खांद्यावर हात, हातात हात, आणि रेषेवर इनोचं चाक पुढे. सगळ्यांना वाटलं मिटलं. त्याच संध्याकाळी इनो टीव्हीवर म्हणाला, टूर अजून संपलेली नाही. टीममध्येही दोन तट पडले होते. अँडी हॅम्पस्टन आणि स्टीव्ह बाउअर हे लेमाँडच्या बाजूचे. लेमाँड ३ मिनिटं १० सेकंदांनी जिंकला, टूर जिंकणारा पहिला अमेरिकन. हॅम्पस्टन चौथा.

'मी इतरांना दमवत होतो' हा इनोचा खुलासा मला अर्धाच पटतो. पोच्या दिवशी तो खरा मानला, तरी ५ मिनिटं हातात असताना दुसऱ्या दिवशी एकटं सुटायचं कारण काय? सहावी टूर समोर दिसत होती, बस. तोवर सहा कोणीच जिंकल्या नव्हत्या.

पुढचं थोडक्यात. इनो त्याच वर्षी निवृत्त झाला. १९८७च्या एप्रिलमध्ये शिकारीत लेमाँडला चुकून गोळी लागली. टीमच्या जर्सीवर तोशिबाचं नाव आलं. टीमच्या ज्याँ-फ्राँस्वा बेर्नारने व्हाँतू डोंगरावरची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) जिंकली, टूरमध्ये तिसरा आला. तापी तोवर मार्सेयच्या फुटबॉल क्लबच्या मागे लागला होता. १९९१नंतर टीम बंद. ला व्ही क्लेरची दुकानं मात्र फ्रान्समध्ये अजून आहेत.